इथिओपियन जेवायला जाताना : सगळं घर घेऊन हॉटेलांची तुलना कशी करावी

गेल्या तीन वर्षांत आम्ही घरची माणसं मिळून चार ठिकाणी इथिओपियन जेवलो. दोन जागा उत्तर गोव्यातल्या, सीझनपुरत्या चालणाऱ्या. एक दुबईत, देरा भागात, माझ्या भावाच्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ. आणि एक आमच्या फोंड्यापासून अर्ध्या तासावर, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तरच जेवण देणारी. पहिल्या दोन वेळची आमची तुलना साफ चुकली. एकीकडे कोंबडी आणि मटण मागवलं, दुसरीकडे नुसत्या डाळी. एकीकडे रात्री दहाला पोचलो, पोरं भुकेने कावलेली. दुसरीकडे दुपारी एक वाजता, निवांत. परतताना गाडीत वाद. सासूबाईंना पहिलं बरं वाटलं, मुलांना दुसरं, आणि दोन्हीकडे सारखं असं काही खाल्लंच नसल्यामुळे कुणाचं खरं ते ठरेना.

त्यानंतर मी एक रीत बसवली आणि पुढच्या सगळ्या खेपांना तीच वापरली. तिचा गाभा असा : मटण-कोंबडीवरून इथिओपियन हॉटेल जोखू नका, इंजेरा ही आंबूस पोळी आणि साधी मसूरडाळ यांवरून जोखा. मटण कुणालाही बरं जमतं. दोन-तीन दिवस पीठ सांभाळून आंबवणं आणि कांदा तासभर नेटाने परतणं, हे मन लावून काम करणाऱ्यालाच जमतं.

ज्यांनी हे जेवण पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या गोल ताटात एक भलीमोठी, मऊ, जाळीदार, आंबूस पोळी पसरलेली असते. तिला इंजेरा म्हणतात. आपली आंबोळी ताटभर मोठी झाली आणि एकाच बाजूने भाजली, असं समजा. तिच्यावर डाळी, भाज्या, रस्से यांचे वेगवेगळे ढीग वाढलेले. सोबत इंजेराच्या गुंडाळ्या. गुंडाळीचा तुकडा तोडायचा, त्यात रस्सा पकडायचा आणि खायचं. चमचा नाही, वाटी नाही, ताट सगळ्यांत मिळून एकच. हाताने जेवणाऱ्या आपल्या लोकांना यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. एक ताट मात्र अडतं, त्याबद्दल पुढे.

घरून निघण्याआधी

आधी घरात कोण काय खातं ते स्पष्ट करून घ्या. हे काम टेबलावर बसून करू नका, तिथे सगळे 'काहीही चालेल' म्हणतात आणि वाढून आल्यावर हात मागे घेतात.

शिवराक, म्हणजे शाकाहारी, माणसांना या जेवणात उपाशी राहावं लागत नाही, उलट त्यांचीच चैन होते. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले खूप दिवस 'त्सोम' पाळतात. दर बुधवार आणि शुक्रवार, शिवाय ईस्टरआधीचे ५५ दिवस आणि आणखीही काही काळ. त्या दिवसांत मांस, अंडं तर नाहीच, दूध, लोणी, तूपही नाही. त्यामुळे डाळी-भाज्यांचा मोठा प्रपंच तिथल्या स्वयंपाकघरात शतकानुशतकं मुरलेला आहे. मेनूवर 'फास्टिंग' किंवा 'येत्सोम' लिहिलेलं दिसलं की समजा, हे पूर्ण शिवराक, तुपाचा थेंबही नसलेलं.

पण इथे दोन ठिकाणी आपली माणसं फसतात. 'फास्टिंग' म्हणजे आपला उपवास नव्हे; एकादशीला किंवा संकष्टीला हे चालणार नाही. दुसरं म्हणजे कांदा-लसूण. इथिओपियन रस्सा सुरूच होतो ढीगभर कांद्याने. घरात कुणी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करत असेल तर तो काळ टाळून जा. आम्ही एकदा सासूबाईंना श्रावणात घेऊन गेलो आणि त्या नुसत्या बिनदुधाच्या कॉफीवर आणि लाह्यांवर बसून राहिल्या. त्यांनी तक्रार केली नाही, पण मला ते जेवण गेलं नाही.

मांसाहारी माणसांसाठी मेनूवरचे पाच-सहा शब्द पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतात. डोरो म्हणजे कोंबडी. बेग म्हणजे मेंढी, ती कधी 'येबेग' अशीही लिहितात. सेगा म्हणजे मांस, आणि तिकडे नुसतं सेगा म्हटलं की बहुतेक वेळा गोमांसच असतं. आसा म्हणजे मासे. वट म्हणजे दाट रस्सा. आलिचा म्हणजे हळदीचा, कमी तिखट रस्सा. तिब्स म्हणजे परतलेले मांसाचे तुकडे. किटफो हा पदार्थ खिमलेल्या कच्च्या गोमांसाचा, मसाल्याच्या तुपात कालवलेला. 'लेब लेब' म्हटलं तर तो जरासा शेकून देतात. ज्या घरात गोमांस चालत नाही त्यांनी आधीच सांगावं आणि 'तिब्स कशाचे?' हे प्रत्येक जागी विचारावं, कारण भारतात काहीजण म्हशीचं, काहीजण बकऱ्याचं वापरतात. डुकराचं मांस मात्र या जेवणात सहसा नसतंच. तिथले ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही ते खात नाहीत.

आणि नुस्तें, म्हणजे मासे. आमच्या घरात पहिला प्रश्न तोच असतो. इथिओपियाला समुद्रच नाही. १९९३ साली एरिट्रिया वेगळा झाला आणि होता तोही किनारा गेला. मासे असतात ते तळ्यांतले. गोव्यातल्या इथिओपियन जागेने विसवणाचा (सुरमईचा) पदार्थ ठेवला असेल तर खुशाल खा, पण त्याच्यावरून त्या हॉटेलाला गुण देऊ नका. याउलट मेनूवर स्पॅगेटी दिसली तर 'हे काय भलतंच' म्हणून नाक मुरडू नका. १९३६ ते १९४१ या काळात इटलीने इथिओपिया व्यापला होता, पास्ता तेव्हापासून तिथे रुळलेला आहे. हट्टी मुलासाठी हा चांगला आधार.

फोनवर काय विचारायचं

चार प्रश्न पुरतात, पण ते नेमके विचारा. इंजेरा कशाचा? तो तुम्ही इथेच करता का, आणि किती दिवस आंबवता? आज फास्टिंगचं ताट आहे का, त्यात किती पदार्थ? कॉफी भाजून देता का, की नुसती ओतून?

उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते ऐका. एका जागी फोनवरच्या मुलाने 'थांबा हं' म्हणून आतल्या बाईला बोलावलं आणि तिने मोडक्या हिंदीत मला सांगितलं, 'दो दिन, गर्मी में एक दिन.' मी तिथेच ओळखलं की हिला पिठाची नाडी कळते. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे, हवा थंड. तिथे जे पीठ दोन-तीन दिवस घेतं ते आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एका दिवसात फसफसून वर येतं. इडली-डोशाचं पीठ सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला नको. जो गोव्यात बसूनही 'तीन दिवस' म्हणून पाठ केलेलं उत्तर देतो, त्याने एक तर फ्रिजमध्ये आंबवलेलं असतं किंवा त्याने स्वतः केलेलंच नसतं.

वारही बघून ठरवा. बुधवारी-शुक्रवारी फास्टिंगचे पदार्थ जास्त मिळण्याची शक्यता. रविवारी गर्दी, स्वयंपाकघर धावपळीत, आणि कॉफीसाठी कुणाला वेळ नसतो. मी तुलना करायची असेल तेव्हा शुक्रवारी दुपारी जाते.

सगळीकडे तेच मागवा

आम्ही पाच माणसं. आमचं ठरलेलं मागणं : फास्टिंगची दोन मिश्र ताटं (तिकडे त्याला 'बेयायनेतू' म्हणतात), एक डोरो वट वेगळ्या भांड्यात, एक शिरो (पिठल्यासारखा पदार्थ), जास्तीचा इंजेरा, शेवटी एक कॉफी. एवढंच. नवीन काही चाखायचं असेल तर ते याच्यावर मागवा आणि गुणांत धरू नका. हे नियमासारखं वाटेल, पण याच्याशिवाय तुलना होतच नाही; नाहीतर एका हॉटेलाची डाळ आणि दुसऱ्या हॉटेलाचं मटण अशी लढत लावल्यासारखं होतं.

इंजेरा

आता खरी परीक्षा. मी यावर दहापैकी चार गुण ठेवते.

इंजेरा ज्याच्या पिठाचा होतो ते धान्य टेफ. दाणा इतका बारीक की एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार मावतात. आपली नाचणी त्याच्यापुढे टपोरी वाटेल. पांढरा टेफ असतो, तांबडा असतो, दोन्ही मिसळलेलाही असतो. तांबड्याचा इंजेरा गडद, जवळजवळ नाचणीच्या भाकरीच्या रंगाचा. भारतात टेफ महाग पडतो, म्हणून बरेचजण त्यात मैदा, तांदळाचं पीठ किंवा ज्वारी मिसळतात. मिसळणं हा गुन्हा नाही, खुद्द इथिओपियातही मिसळतात. पण विचारल्यावर खरं सांगायला हवं. टेफमध्ये ग्लुटेन नसतं, गव्हात असतं. घरात कुणाला गव्हाचा त्रास असेल तर 'टेफचा आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, 'फक्त टेफचा का?' हे विचारा.

ताट समोर आलं की आधी हात लावू नका, बघा. वरच्या बाजूला सगळीकडे बारीक छिद्रं दिसली पाहिजेत. तिकडच्या अम्हारिक भाषेत त्यांना 'डोळे' म्हणतात. ती सारख्या आकाराची, दाट आणि काठापर्यंत पोचलेली असली की पीठ नीट आंबलंय. मध्ये छिद्रं आणि कडेला गुळगुळीत पट्टा असेल तर तवा सगळीकडे सारखा तापलेला नव्हता. छिद्रं मोठी, वेडीवाकडी आणि चव साबणासारखी लागली तर सोडा टाकलाय. झटपट ढोकळ्यात लागते तशीच ती चव.

मग गुंडाळी उलगडून खालची बाजू बघा. ती गुळगुळीत, कोरडी, डाग नसलेली हवी. इंजेरा उलटत नाहीत; तव्यावर पीठ ओतून झाकण ठेवतात आणि वाफेवर वरची बाजू शिजवतात. खाली तपकिरी डाग पडले असतील तर तवा फार तापला होता. हाताला चिकट ओलसर लागलं तर एकावर एक गरम असतानाच रचून ठेवले होते. आणि हो, इंजेरा गार येतो. तसाच यायचा असतो. गरम चपातीच्या सवयीने 'गरम करून आणा' म्हणून परत पाठवू नका, तो रबरासारखा होऊन येईल.

तुकडा तोडा. आंबोळी तुटते तसा सहज तुटला पाहिजे, आणि रस्सा पकडताना मधेच फाटता कामा नये. नुसता चावा, काहीही न लावता. खरा आंबटपणा उशिरा येतो, चार-पाच वेळा चावल्यावर, जिभेच्या कडांना. तोंडात टाकल्या टाकल्या टोकाला झणका बसला तर लिंबू किंवा दही घातलंय. सान्नां (सूर, म्हणजे माडी, घालून आंबवलेल्या इडल्या) खाऊन वाढलेल्या जिभेला हा फरक लगेच समजतो. सूर घालून आंबवलेलं आणि यीस्ट टाकून फुगवलेलं यांतला फरक आपल्याकडची लहान पोरंही सांगतात.

शेवटची तपासणी जेवण संपताना. ताटाखालचा इंजेरा, ज्याच्यावर सगळे रस्से वाढले होते, तो अर्ध्या तासानंतर कसा आहे? चांगला इंजेरा रस पिऊन मऊ होतो पण उचलता येतो. आमच्याकडे त्या शेवटच्या तुकड्यासाठी भांडणं होतात. वाईट इंजेराचा लगदा होऊन ताटाला चिकटतो.

डाळ, शिरो आणि कोंबडी

मिसिर वट म्हणजे मसुरीच्या डाळीचा लाल रस्सा. तो करताना बारीक चिरलेला कांदा आधी कोरडाच, तेल न घालता, मंद आंचेवर परतत राहतात. त्याचं पाणी आटतं, तो गोडसर होतो, मग तेल आणि बर्बेरे मसाला. बर्बेरेत सुकी मिरची, मेथी, आलं, लसूण, ओवा, तिकडची तुळशीसारखी पानं आणि कोरारिमा नावाची मोठी वेलची असते. डाळ चाखताना तीन गोष्टी शोधा. कांदा दिसता कामा नये. कांद्याचा तुकडा दाताखाली आला तर घाई झाली. मसाला घशाला टोचू नये. टोचला तर तो कच्चा राहिला. आणि कडेला लालसर तवंग सुटलेला हवा. हे तीन जमलेलं हॉटेल बाकी सगळं जमवतंच, असा माझा अनुभव आहे.

शिरोबद्दल मला विशेष आत्मीयता आहे, कारण ते आपलं पिठलं आहे. हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं भाजलेलं पीठ, मसाला घालून शिजवलेलं. बऱ्याच जागी मातीच्या भांड्यात खदखदत आणून ठेवतात. आमच्या सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, 'ह्यात मेथी आहे, आणि पीठ भाजून घेतलंय. पण ढवळायला आळस केलाय.' भांड्यात खरंच एक गुठळी होती. त्या दिवसापासून शिरोचे गुण त्याच देतात, आणि मी त्यांचा निकाल बदलत नाही.

किक आलिचा, म्हणजे वाटाण्याच्या डाळीचा पिवळा रस्सा, हे मुलांचं वरण. मुलांना याच्यापासून सुरुवात करून द्या, लाल रस्स्यापासून नको. कोबी-बटाटा-गाजराची भाजी आणि फरसबी ही सगळीकडे साधारण सारखीच असते. तिथे वेळ घालवू नका.

डोरो वट हा सणाचा पदार्थ. कोंबडीचे परंपरेने बारा तुकडे करतात आणि रस्सा जवळजवळ काळपट तांबडा होईपर्यंत आटवतात. त्यात मसाल्याचं तूप घालतात, नितर किब्बे. आणि उकडलेली आख्खी अंडी. आपण शागोतीला (आपल्या वाटणाच्या रस्श्याला) जे माप लावतो तेच लावा : रस्सा चमच्याला धरून राहतो का, मसाला मांसात शिरलाय का. अंड्याला वरून चिरा दिलेल्या असतात, त्यांतून रंग आत उतरलेला दिसला पाहिजे. पांढरंफटक अंडं म्हणजे वाढताना वरून ठेवलेलं. आणि माणसं किती, अंडी किती हे मागवतानाच विचारून घ्या. आमच्याकडे दोन मुलांत एक अंडं आल्यावर जेवणाचा अर्धा तास त्यातच गेला.

एक ताट आणि उष्टं

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत खरी अडचण चवीची नसते.

आपल्याकडे उष्ट्याचा विचार खोल रुजलेला आहे. पाच माणसांनी एका ताटात हात घालायचा, त्यात जावई, सून, सासू सगळे, हे अनेक ज्येष्ठांना जड जातं. पहिल्या वेळी सासूबाईंनी हात धुतले, ताटाकडे पाहिलं आणि पदर सावरून मागे टेकून बसल्या. 'तुम्ही जेवा.' मी समजूत घालायला लागले, ते चूक होतं. समजूत घालायचीच नसते, सोय करायची असते.

सोय अशी. मागवतानाच एका माणसाचं जेवण वेगळ्या लहान ताटात वाढायला सांगा. चांगली जागा आनंदाने देते. जिथे 'आमच्याकडे असं नसतं' म्हणून तोंड वाकडं करतात त्या जागेला मी आदरातिथ्याचे गुण कापते. ज्यांना एकत्र जेवायचंय त्यांनी आपापल्या समोरच्या भागातूनच खायचं, ताटभर हात फिरवायचा नाही. तिकडचीही पद्धत हीच आहे. उजवाच हात, बोटं चाटायची नाहीत, आणि तुकड्याने रस्सा पकडायचा, बोटं रस्श्यात बुडवायची नाहीत. हे समजलं की उष्ट्याची भीती पुष्कळ कमी होते, कारण प्रत्येक घासाला नवा तुकडा असतो. तोंडाला लागलेलं ताटात परत येत नाही. सासूबाईंना हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच बघून ताडलं. चौथ्या खेपेला त्या आमच्यात सरकून बसल्या.

गुर्शा ठाऊक असू द्या. यजमानाने किंवा घरातल्या मोठ्याने दुसऱ्याला स्वतःच्या हाताने घास भरवायचा. घास मोठा तितकी माया मोठी. नाही म्हणणं बरं दिसत नाही. लग्नात आपण जोडप्याला नाव घेऊन घास भरवायला लावतो, तिथे तो रोजच्या जेवणात असतो. माझ्या धाकट्याने आजीला पहिला गुर्शा दिला तेव्हा हॉटेलची बाई आतून बघायला आली आणि तिने स्वतः येऊन मला एक घास भरवला.

बसण्याची जागाही बघा. विणलेल्या टोपलीसारखं उंच टेबल, मेसोब, त्याच्याभोवती ठेंगणी स्टुलं. दिसायला सुरेख, पण गुडघे दुखणाऱ्यांना तासभर बसवत नाही. पाठीला टेकू असलेली खुर्ची मिळेल का, हे फोनवरच विचारलेलं बरं. हात धुवायला तांब्या आणि घंगाळासारखं भांडं टेबलाशी आणून देतात की कोपऱ्यातलं बेसिन दाखवतात, तेही लक्षात ठेवा.

कॉफी घाईने पिऊ नका

कॉफीचं मूळ इथिओपियात. तिकडे तिला बुना म्हणतात. आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद किंवा बुंददाणे म्हणत. अरबी 'बुन्न'मार्फत हे नातं जुळतं, आणि हे कळल्यापासून मला तो पेला वेगळाच वाटतो.

खरा विधी तासाभराचा. हिरवे दाणे समोर धुऊन तव्यावर भाजतात, धूर निघाला की तो तवा पाहुण्यांपुढे फिरवतात आणि सगळ्यांनी हाताने वास ओढून घ्यायचा. मग कुटून, जेबेना नावाच्या निमुळत्या मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात. धूप जाळतात, लाह्या देतात. तीच पूड पुन्हा पाणी घालून तीनदा उकळायची : अबोल, तोना, बरका. तिसऱ्या पेल्यातला 'बरका' म्हणजे आशीर्वाद. आपला 'बरकत' शब्द त्याचाच भाऊ.

तुलना करताना एवढंच बघा : दाणे समोर भाजले का, तीन फेऱ्या दिल्या का, आणि पैसे पेल्याचे लावले की सुरईचे. आम्ही गेलेल्या एका जागी विधी म्हणून भाजलेली पूड सुरईत घालून आणली आणि तीन पेल्यांचे तीन वेळा पैसे लावले. तिथे मी कॉफीला शून्य दिलं. मुलांना झोप येत असेल तर विधी सोडून द्या. मुलांसाठी 'बिर्झ' मिळतं का विचारा, ते न आंबवलेलं मधाचं पाणी. मोठ्यांसाठी 'तेज' असते, मधाची दारू. गाडी चालवणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावं, गोड असल्यामुळे ती चढल्याचं उशिरा कळतं.

बिल

ताटाच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरवू नका. जास्तीच्या इंजेराचे किती, पाण्याचे किती, कॉफीचे किती, हे धरून एकूण रक्कम करा आणि पोट भरून उठलेल्या माणसांनी भागा. आमच्या दोन गोव्यातल्या जागांत ताट स्वस्त असलेली जागा शेवटी महाग पडली, कारण तिथे प्रत्येक जादा गुंडाळीचे वेगळे पैसे होते आणि आम्ही आठ गुंडाळ्या घेतल्या.

बड्या हॉटेलांच्या आवारातली उपाहारगृहं सोडली तर जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. सेवा शुल्क आपोआप बिलात टाकता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. शांतपणे काढायला सांगा, बहुतेक काढतात. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सेवा आवडली असेल तर टिप स्वतःच्या हाताने, वाढणाऱ्याच्या हातात द्या.

वही

मी शाळेची शंभर पानी वही ठेवते. इंजेरा ४, मिसिर वट २, शिरो १, डोरो वट १, आदरातिथ्य आणि बसणं १, कॉफी १. तारीख, वार, वेळ आणि माणशी खर्च वर लिहिते. गुण गाडीत बसल्या बसल्या घ्यायचे, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही. घरी पोचलं की सगळ्यांना सगळं छान वाटतं. प्रत्येकाने आधी आपला आकडा सांगायचा, चर्चा नंतर. मुलांचा आकडाही मोठ्यांइतकाच.

गोव्यासाठी एक गोष्ट वेगळी. इथे बऱ्याच जागा ऑक्टोबरला उघडतात आणि पावसाआधी बंद होतात, आणि पुढच्या वर्षी पाटी तीच, आतली माणसं दुसरी. म्हणून गेल्या सीझनचे गुण या सीझनला लावू नका. आमची पहिल्या वर्षी साडेआठ गुण मिळवलेली जागा दुसऱ्या वर्षी पाचावर आली. फोनवर 'एक दिन' सांगणारी ती बाई तिथून गेली होती. दोन खेपा झाल्याशिवाय कुठल्याही जागेला नावही ठेवू नका आणि डोक्यावरही घेऊ नका.

आम्ही जेवत असताना मुलं हटकून विचारतात, हा देश कुठला. त्यांना मी मलिक अंबर सांगते. इतिहासाच्या पुस्तकातला निजामशाहीचा तो वजीर, १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये येऊन मुघलांना झुंजवणारा. आपण 'हबशी' म्हणतो तो शब्द आणि या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसणारा 'हबेशा' हा शब्द एकच. गोव्याची तर थेट वाट आहे : १५४१ साली इथल्या पोर्तुगीज गव्हर्नराच्या आरमारातून वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाँव सुमारे ४०० बंदुकधारी घेऊन इथिओपियाच्या राजाच्या मदतीला उतरला होता. ताट येईपर्यंतचा वेळ यात मजेत जातो, पोरं मोबाइल मागत नाहीत.

उरलेला इंजेरा टाकून येऊ नका, बांधून घ्या. कोरड्या फडक्यात गुंडाळून आणा, प्लास्टिकमध्ये घामेजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे तुकडे करून मसाल्याच्या रस्श्यात परतायचे. तिकडे त्याला फिरफिर म्हणतात, आपण फोडणीची पोळी म्हणतो. उरलेली मिसिर वट असेल तर तीच थोडं पाणी घालून सैल करा, तुकडे शेवटी टाका आणि लगेच उतरवा, ढवळत बसू नका. आमच्याकडे वहीतला शेवटचा रकाना या न्याहारीनंतर भरतो, आणि देराच्या त्या जागेचा इंजेरा विमानातून गोव्यापर्यंत आणल्यावरही न तुटता परतला गेला, असं तिथे लिहिलेलं आहे.